धामणझरीत न लागलेली आग

तीस मार्च दोन हजार तीन, रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी धामणझरीची आग आटोक्यात आली. अकरा हेक्टर जंगल जळालं. माणूस एकही गेलं नाही, बकरी एकही गेली नाही, फक्त नानाजींच्या मिशीची डावी बाजू गेली.

आता हे सगळं विसरून जा. कारण धामणझरीत आग लागलीच नव्हती. गावात कोणालाही विचारा. शाळेतल्या पोराला विचारलंत तर ते आधी आईकडे पाहील आणि मग म्हणेल, "नाई बा, कायची आग?" नानाजींना मिशीचं विचारलंत तर ते सांगतील, उन्हाळ्यात आपण दरवर्षी अर्धीच ठेवतो, हवा लागते.

तर ही न लागलेली आग लागली कशी, ते सांगायचं आहे.

धामणझरी तळेगाववरून चौदा किलोमीटर. खाली गाव, वर टोला म्हणजे छोटी वस्ती, टोल्यामागे डोंगर. टोल्यात गोंडांची तेवीस घरं, आणि पाणी मात्र खाली गावाच्या विहिरीत. त्या वर्षी विहिरीचंही मन नव्हतं. आदल्या पावसाळ्यानं तोंड दाखवलं आणि गेला. भागीरथा उईके रोज तीन खेपा करायची, डोक्यावर पाण्याचा गुंड, दर खेपेला दीड किलोमीटर चढ. पंचवीस वर्षं हेच चालल्यामुळे तिच्या मानेला वजनाची अशी सवय झाली होती, की डोक्यावर काही नसलं तर ती थोडी डावीकडे जायची.

पण यंदा ते सुटणार होतं. गावात वन समिती होती आणि समितीला वरून कबूल झालं होतं, की सलग तीन वर्षं हद्दीतल्या जंगलाला आग लागली नाही तर टोल्यात एक बोरिंग मारून देऊ, हातपंपासकट. तीन वर्षं एकतीस मार्चला पुरी होत होती. जागाही ठरली होती, भागीरथाच्या दारापुढे. पाणी पाहणारा माणूस येऊन चुन्याचा गोल काढून गेला होता. त्या गोलात कोंबडी गेली तरी भागीरथा तिला हाकलायची, जणू कोंबडी आधीच पिऊन टाकेल.

मंगळवारी, एक एप्रिलला, वनखात्याचे साहेब येऊन जंगल पाहणार आणि सही करणार होते.

शनिवारी संध्याकाळी समितीचे अध्यक्ष बंडूजी लुना घेऊन टोल्यात आले. बंडूजींचं खाली किराण्याचं दुकान. अध्यक्ष झाल्यापासून ते दुकानातही उभं राहून बोलायचे.

"ऐका व सगळे! साहेब मंगळवारी येऊन राह्यले. जंगल कसं दिसलं पाह्यजे? चकाचक! मोहाखाली एक पान दिसलं नाई पाह्यजे. ज्याचं झाड त्यानं साफ करायचं."

"झाडून?" रुपानं विचारलं. रुपा भागीरथाची सून आणि भावाची पोरगीही, म्हणून तिला आत्याच म्हणायची.

"झाडून नाई तं काय फुकून?" बंडूजी म्हणाले. "शपथ ध्यानात आहे नं? सव्वीस जानेवारीची?"

सगळ्यांना ध्यानात होती. दर सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली हात पुढे करून अख्खं गाव म्हणायचं, जंगलात माचिस नेणार नाही. तीन वर्षं झाली म्हणायला लागून.

इथं मोहाचं सांगायला पाहिजे. डोंगरावर दर घराचं आपलं मोहाचं झाड असतं, आजाकडून बापाकडे आलेलं. मार्चात फुलं गळायला लागतात आणि खाली पाचोळा असला तर फूल दिसत नाही. एक मोठं झाड खराट्यानं झाडायला अर्धा दिवस जातो. काडीनं पाव तास. जुन्या लोकांची रीत अशी, की झाडाभोवती दोन हात रुंद पट्टा झाडून घ्यायचा, मग सकाळी दहिवर असताना बुंध्याकडून काडी लावायची. आग पट्ट्यापर्यंत येते, तिथं काही सापडत नाही, आणि एखादी ठिणगी पलीकडे गेलीच तर दहिवरानं ओलं झालेलं गवत तिला जागीच बसवतं. आगीला विझवायचं काम आगीवर आणि दहिवरावर सोडून माणसानं घरी जायचं. शंभर वर्षं ही रीत चुकली नव्हती.

त्या रात्री बंडूजींच्या दुकानातल्या आगपेट्या शेवटच्या पुडक्यावर आल्या. बंडूजींना एवढंच वाटलं, की टोल्यात आज सगळ्यांच्याच चुली विझल्या असतील.

रविवारी सूर्य वर येता येता भागीरथा खराटा घेऊन डोंगरावर गेली. तिनं पट्टा झाडला. मग झाडाखाली पाहिलं. तीन वर्षांत तिनं इथं काडी लावली नव्हती आणि पाचोळा घोट्याच्या वर आला होता. खाली पाण्याच्या तीन खेपा होत्या. परवा साहेब होते. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. कमरेच्या गाठीतून माचिस काढली आणि एक काडी ओढली.

सगळं रीतीप्रमाणं झालं. जाळ पट्ट्यापर्यंत आला आणि बसला. तिनं राख पायानं पसरली, माचिस परत गाठीत बांधली आणि घरी आली. बोरिंगसाठी आपण शपथ मोडली हे तिला टोचत होतं, पण हातपंपातून पाणी यायला लागलं की टोचायचं थांबेल, असा तिचा हिशेब होता.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. गवतातून चालून येऊनही तिचे पाय कोरडे होते. दहिवर पडायला हवेत ओल लागते. ती ओल त्या वर्षी धामणझरीत नव्हती. रीत होती, काडी होती, पट्टा होता; फक्त विझवणारा आला नव्हता.

हे तिला अकरा वाजता कळलं, दुसऱ्या खेपेला, भरला गुंड डोक्यावर असताना. टोल्यामागे डोंगराच्या पोटातून धूर निघत होता. आधी पांढरा, मग पिवळसर. ती थांबली. पंचवीस वर्षांत तिनं वाटेत गुंड कधी खाली ठेवला नव्हता, कारण ठेवला की उचलून द्यायला माणूस लागतो. तिनं गुंड वाटेच्या मधोमध ठेवला आणि पळाली.

पळताना तिचा हात सारखा कमरेला जात होता. माचिस तिथंच होती. तिला वाटत होतं, ती लुगड्यातून दिसते आहे. तिला वाटत होतं, ती वाजते आहे. एक काडी कमी असलेली माचिस भरलेल्या माचिसीपेक्षा जास्त वाजते, हे तिला त्या दिवशी समजलं.

वर जाऊन पाहते तर गवत पेटलेलं. आणि गवत म्हणजे कंबरभर. समितीनं डोंगरावर चराई बंद केली होती, आग बंद केली होती, त्यामुळे तीन वर्षांचं गवत आगीसाठी नीट जपून ठेवलेलं होतं. पश्चिमेचा वारा होता. आग वाऱ्यावर बसून आल्यासारखी येत होती, मध्येच थांबायची, इकडे तिकडे पाहायची आणि भलत्याच झुडपात उडी मारायची.

टोल्यातली माणसं धावली. करवंदीच्या नि तेंदूच्या हिरव्या डहाळ्या तोडून जो तो बडवायला लागला. पण भागीरथाला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आग होती मधल्या उतारावर, आणि माणसं मात्र आधी पळत होती आपापल्या मोहाकडे. जायची, झाडाखाली पाहायची, पायानं राख उकरायची आणि मग चेहरा सरळ करून आगीकडे यायची. तीही आधी तिकडेच गेली होती. तिच्या पट्ट्याच्या बाहेर एक काळी जीभ गेलेली दिसली. ती तिच्या आगीची होती की येणाऱ्या आगीची, हे काही केल्या कळेना. आग नाव लिहून जात नाही.

बंडूजी लुना खाली टाकून धापा टाकत वर आले. मागून समितीचा सचिव निकेश आला. बारावी झालेला, अक्षर चांगलं, म्हणून सचिव. त्याच्या काखेत रजिस्टर होतं.

"रजिस्टर काऊन आणलं बे?" बंडूजी ओरडले.

"तुमीच तं म्हटलं होतं, जंगलात काई झालं तं रजिस्टर आणजो."

"हे काई झालं नाई!"

"मंग वापस नेऊ?"

"डहाळी घे हातात! जंगलाच्या नाकेदाराले निरोप धाडला का?"

"धाडला जी. पण तो तिकडे दुसऱ्या आगीवर गेलता. त्याच्याकडे अकरा गावं आन दोन हात."

दोन वाजेपर्यंत बडवाबडवी चालली. नानाजींची मिशी याच काळात गेली. ते म्हातारे गृहस्थ वाकून एका पेटल्या बुंध्यावर थुंकायला गेले होते. एका बाजूनं विझवावं तर दुसऱ्या बाजूनं उठे. वारा जोर धरत होता. आता आग उतरून टोल्याकडे वळली होती. आग आणि घरं यांच्यामध्ये एकच गोष्ट होती, पांधण, म्हणजे बैलगाडीची वाट, आठ हात रुंद, दोन्हीकडे गवत. आग ती एका उडीत ओलांडणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. पांधणीच्या अलीकडे तेवीस घरं, गवतानं आणि कवेलूंनी, म्हणजे कौलांनी, शाकारलेली.

सगळे पांधणीवर येऊन उभे राहिले. कोणाला एका जागी उभं राहवेना. जो तो दोन पावलं पुढे जायचा, दोन मागे यायचा.

"उलटा जाळ सोडा लागते," भागीरथा म्हणाली. "इथून, पांधणीवरून. आपण लावलेली आग वर जाईन, तिकडची खाली येईन. मधात खायले काई उरलं नाई की दोघीबी बसतात."

"म्हणजे?" बंडूजी म्हणाले. "आगमुक्त गावात, अध्यक्षाच्या समोर, तुमी आग लावू म्हणता?"

"हो जी."

"हे ठरावात बसत नाई, भागीरथाबाई. निकेश, बसते का?"

निकेशनं खरंच रजिस्टर उघडलं. "ठराव घ्या लागते. कोरम पाह्यजे, निम्मे सभासद."

"किती आहेत?"

"सगळेच आहेत जी. पह्यल्यांदाच."

"आगीले थांबायले सांग मंग, ठराव होईपर्यंत!" रुपा चिडून म्हणाली. त्यावर भागीरथा गोंडीत जे बोलली ते बंडूजींना वीस वर्षं टोल्याला साखर विकूनही कळलं नाही, पण रोख कळला. त्यांनी हात वर केला. मग सगळ्यांनी हात वर केले. ठराव एकमतानं पास झाला.

"चाला," भागीरथा म्हणाली. "माचिस काढा."

कोणी हललं नाही.

"माचिस कोणापाशी आहे?"

एकानं झाडाकडे पाहिलं. एकानं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. नानाजींनी उरलेल्या मिशीवरून हात फिरवला. आगीचा आवाज आता ऐकू येत होता, कोणी दूरवर पत्रावळीचे गठ्ठे चुरगाळत असल्यासारखा. चाळीस माणसं पांधणीवर उभी होती आणि चाळीसही माणसांना जगात माचिस नावाची वस्तू असते हे पहिल्यांदाच कळल्यासारखं दिसत होतं.

भागीरथाचा हात कमरेला गेला आणि तिथंच राहिला.

माचिस काढली म्हणजे आग तिची. सगळ्यांसमोर, कायमची. बोरिंग जाईल आणि तिच्या नावानं जाईल. उद्यापासून टोल्यातली प्रत्येक बाई गुंड डोक्यावर घेताना तिच्या दाराकडे पाहील. पंचवीस वर्षं, पुढची. आणि नाही काढली तर दार राहणार नाही. घरात दुसरी माचिस नव्हती, चूल सकाळीच विझली होती; खाली जाऊन आणायची म्हटलं तर दीड किलोमीटर, आणि आग पाव किलोमीटरवर. हिशेब सोपा होता, पण तो तिला गुंडापेक्षा जड गेला.

तिनं गाठ सोडली.

"माझ्यापाशी आहे," ती म्हणाली. "सकाळी मोहाखाली काडी लावली होती. मीच."

तिनं काडी ओढली. घामानं ओली झालेली, गूल चुरडून खाली पडलं. दुसरी ओढली. तीही तशीच. तिसरी मोडली.

"सरका, आत्या," रुपा म्हणाली. तिनं पोलक्यातून एक माचिस काढली. कोरडी.

भागीरथा पाहतच राहिली. "तुय्यापाशी कुठून आली व?"

"आपलं एकच झाड आहे का? तुमी मोठ्याखाली गेलत्या, मी लहान्याखाली." रुपा तिच्याकडे न पाहता म्हणाली. "साफ करजो, असं तुमीच तं म्हटलं."

मग पलीकडून एक माचिस निघाली. धोतराच्या सोग्यातून. मग एक टोपीतून. एक चिलमीच्या पिशवीतून. एक मोज्यातून, आणि त्या माणसाला मोजे घातलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा ते मोजे माचिसीसाठीच आणलेले असावेत. नानाजींनी दोन काढल्या, एक चालू आणि एक राखीव. शेवटी सगळ्यांनी बंडूजींकडे पाहिलं. बंडूजींना डोंगरावर मोहाचं झाडही नव्हतं. त्यांनी सदऱ्याच्या आतून अख्खं पुडकं काढलं, दहाचं.

"तो बोर्ड होता नं," ते म्हणाले, "आपला, आगमुक्त जंगलाचा. त्याच्यापुढे गवत वाढलं होतं. साहेबाले फोटोत दिसला नसता."

"मंग?"

"मंग काय. आता बोर्डच नाई राह्यला."

यावर हसायला वेळ नव्हता. भागीरथानं माणसं पांधणीवर दहा-दहा पावलांवर उभी केली. एक काडी लावणारा, त्याच्या मागे एक डहाळीवाला. ठिणग्या मागे टोल्याकडे उडणार, त्यासाठी बायका ओली पोती घेऊन उभ्या पाहिजेत. ओली म्हणजे पाणी पाहिजे. पाणी घराघरात होतं, सकाळच्या खेपांचं. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. बायकांनी रांजण उपडे केले, पिण्याचे, सैपाकाचे, सगळे. वाटेत ठेवलेला भागीरथाचा गुंड कोणीतरी तसाच उचलून आणला आणि पोत्यांवर ओतला. ती डोळ्यांनी त्या पाण्याच्या मागे गेली. एक खेप. मग दोन. मग टोल्याच्या तेवीस घरांच्या सगळ्या खेपा.

"लावा!"

चोवीस काड्या एकदम ओढल्या गेल्या. शपथेला जेवढे हात पुढे आले होते, त्यांतले बरेच.

नवी आग आधी लाजल्यासारखी उभी राहिली, मग वर चढायला लागली. मागे ठिणग्या पडायच्या, बायका पोती आपटायच्या. "इकडे व! तुय्या मागं! नानाजी, सरका जी, आता उजवीबी जाईन!" वरची आग खाली, खालची वर. मधलं गवत कमी कमी होत गेलं. शेवटी दोघी समोरासमोर आल्या, एक मोठ्ठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला आणि दोघीही बसल्या. निकेशनं घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा. त्यानं सवयीनं रजिस्टर उघडलं, बंडूजींनी ते सवयीनं बंद केलं.

आग कोणाची, हे नंतर कोणी विचारलं नाही. गावात पहिल्यांदाच सगळ्यांची चूक सारखी निघाल्यामुळे भांडायला कोणी शिल्लक नव्हतं. सोमवारी सभा भरली आणि आग लागली नाही असा ठराव पास झाला. पांधणीवरची राख झाडून काढली. बोर्डच्या जळक्या खांबांवर चुना मारला. भागीरथा मात्र दिवसभर एका जागी बसली नाही. पाणी आणायची, वर डोंगराकडे पाहायची, पुन्हा पाणी आणायची. त्या दिवशी तिनं पाच खेपा केल्या.

मंगळवारी साहेबांची जीप आली. साहेब तरुण होते, बोलायला मऊ. ते पांधणीवर उभे राहिले आणि त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे काय आहे?"

"डोंगर, साहेब," बंडूजी म्हणाले.

"काळा आहे."

"आपल्याकडे दगडच काळा आहे जी."

"धूर निघतोय."

"यंदा ऊन लई आहे."

साहेबांनी बुटाकडे पाहिलं. बूट राखाडी झाला होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चाळीस चेहरे, एकाच्याही भुवया धड नव्हत्या. मग ते समोर उभ्या असलेल्या भागीरथाला म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा. आग लागली होती का?"

नाही म्हणायचं होतं. दोन दिवस ते वाक्य तिनं डोक्यावर वाहिलं होतं. पण ते आता खाली ठेवायला तिला कोणी मदत करेना.

"लागली होती जी," ती म्हणाली. "आमीच लावली. आमीच विझवली. पेयाचं पाणी ओतून विझवली. टोल्याचं एक कवेलू जळू देलं नाई."

बंडूजींनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी कागद काढला, बराच वेळ चाळला. ते खरंच काहीतरी शोधत होते.

"विझवली का, असा रकानाच नाही यात," ते शेवटी म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. "एकच रकाना आहे. गावाच्या हद्दीत आग लागली का. होय किंवा नाही."

"आमच्या हद्दीत?"

"हो. तुमच्या गावाच्या हद्दीत."

"आन डोंगराच्या तिकडून कोणाची हद्द लागते जी?"

"पलीकडे? पलीकडे दुसरा जिल्हा, अमरावती."

भागीरथानं डोंगराकडे पाहिलं. मग चुन्याच्या गोलाकडे. ती थोडी डावीकडे झुकली, सरळ झाली.

"निकेश," ती म्हणाली, "रजिस्टर आणलं का बे?"

"आणलं नं."

"मंग लिव."

तिनं सांगितलं आणि निकेशनं ते सरकारी भाषेत बसवलं. कुठं अडलं तर बंडूजी शब्द पुरवत होते, आणि एक वाक्य साहेबांनीही दुरुस्त करून दिलं. खाली सह्या झाल्या, अंगठे झाले. साहेबांनी कागद वाचला, दुमडला, खिशात ठेवला आणि पोच दिली. अर्ज असा:

"महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मौजा धामणझरी येथील अकरा हेक्टर डोंगर दिनांक २९ मार्च २००३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने अमरावती जिल्ह्यात समाविष्ट करण्यात यावा, जेणेकरून सदर आग आमच्या हद्दीबाहेर लागली असे गृहीत धरून टोल्यातील बोरिंगचे काम सुरू करता येईल. याकरिता डोंगर जागचा हलविण्याची आवश्यकता नाही. बोरिंगला पाणी लागल्यानंतर सदर डोंगर मूळ जिल्ह्यास परत करण्यात यावा, व मधल्या काळात अर्जदारांस मोहफुले वेचण्याकरिता रोज सकाळी जिल्हा ओलांडून जाण्याची व दुपारपूर्वी परत येण्याची लेखी परवानगी देण्यात यावी, ही नम्र विनंती."